जुन्या पिकअपचा एक्सल बदलावा की पैसा राखून ठेवावा?

वाईजवळच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २०१४ सालची पिकअप आहे आणि तिचे कर्ज फिटलेले आहे. पाचगणी-भिलार भागातील स्ट्रॉबेरी, गाजर आणि बटाटा घेऊन ते पसरणी घाटाने उतरतात आणि महिन्याला सुमारे १२ फेऱ्या वाशीच्या बाजारात करतात. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेक तापतात आणि पॅडल खोल जाते. गॅरेजने एकूण १,९०,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यातले ४६,००० ब्रेकच्या पूर्ण कामाचे आहेत, तर १,४४,००० रुपये वरच्या मॉडेलचा मागचा एक्सल (चाकांचा आस) हाऊसिंगसकट, म्हणजे त्याच्या आवरणासह, बसवण्याचे आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवण्याचे आहेत. हे काम झाले की दीड टनाऐवजी अडीच टन माल नेता येईल आणि खर्च वजा जाता फेरीमागे १,२०० रुपये जादा सुटतील, असा त्यांचा हिशेब आहे. गाडीला आज ३,२५,००० रुपये येतील. हाताशी प्रत्येकी ८०,००० रुपयांच्या तीन मुदत ठेवी आहेत आणि महिन्याला साधारण ९,००० रुपये शिल्लक राहतात. एक फायनान्सवाला १२ टक्के फ्लॅट दराने दोन वर्षांसाठी पैसे द्यायला तयार आहे. तेव्हा हे काम करावे का, आणि केल्यास पैसा कुठून उभा करावा?

आपल्या अंदाजपत्रकात दोन अगदी वेगळे खर्च एकाच कागदावर आले आहेत, आणि माझे उत्तरही त्यामुळे दोन प्रकारचे आहे. ब्रेकचे काम लगेच करावे आणि ते पूर्ण होईपर्यंत भरली गाडी घाटात उतरवू नये. एक्सलचे काम मात्र करू नये.

एक्सलचा हिशेब वरवर फार मोहक दिसतो, हे मान्य केले पाहिजे. महिन्याला १४,४०० रुपये जादा मिळाले, तर १,४४,००० रुपये बरोबर दहा महिन्यांत वसूल होतात, आणि इतका परतावा मी कोणत्याही गुंतवणुकीत दाखवू शकणार नाही. परंतु ही सारी कमाई त्या जादा एक टनावर उभी आहे, आणि तो टन नेण्याचा अधिकार नवा एक्सल बसवल्याने मिळत नाही. गाडीचे भारासह एकूण वजन आणि एक्सलवरील भार नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, तो उत्पादक कंपनीने ठरवून दिलेला असतो, आणि गॅरेजमध्ये केलेल्या कामामुळे त्यातला एक आकडाही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. परवानगीबाहेरच्या फेरबदलासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

अतिभाराचा दंड याहून जड आहे. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाकडेच येतो. म्हणजे एक टन जादा सापडला, तर २२,००० रुपये, अर्थात आपल्या अठराहून अधिक फेऱ्यांची जादा कमाई, एका दिवसात जाते. आणि स्ट्रॉबेरीची खोकी दुपारच्या उन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवली, तर त्यांना बाजारात काय भाव येईल, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. रोज कोणी अडवत नाही, हे खरे आहे. पण वर्षाला सुमारे १४४ फेऱ्या, त्याही ठरलेल्या रस्त्याने आणि ठरलेल्या बाजारात जाणाऱ्या, असे ज्याचे काम आहे, त्याने पकडले न जाण्यावर गुंतवणूक बेतू नये.

विम्याचा मुद्दाही याच अंगाने पाहावा. फेरबदल कंपनीला कळवलेला नसेल आणि अपघाताच्या वेळी गाडीत मर्यादेपेक्षा जास्त भार निघाला, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा कमी होण्याची किंवा नाकारला जाण्याची वाट आपणच मोकळी करून देतो. शिवाय आपली गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे बदललेला एक्सल दरवर्षी तपासणाऱ्यासमोर जाईल. तिथे गाडी अडली, तर ती उभी राहील तितके दिवस भाडे बंद.

मी यांत्रिकी तज्ज्ञ नाही, पण पैसा ज्या वस्तूवर खर्च होणार तिचे काम समजून घ्यावेच लागते. मागचा एक्सल मजबूत केला म्हणून चेसिस (गाडीचा सांगाडा), पुढची बाजू, स्टिअरिंग आणि टायर मजबूत होत नाहीत. जादा टन त्यांनाही वाहायचा असतो. वरच्या मॉडेलच्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे एक्सलमधल्या दातेरी चाकांचे, प्रमाण वेगळे असल्यास डिझेलचा हिशेबही बदलतो. पाटे वाढवण्यात तर एक छुपा धोका आहे. मागच्या चाकांचा ब्रेकदाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत असतो, तो गाडी मागून किती दबली यावरून भार ओळखतो. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीही कमी दबते, व्हॉल्व्हला ती हलकी वाटते आणि मागच्या चाकांना हवा तेवढा दाब मिळत नाही. ज्या दुखण्यासाठी आपण गॅरेजमध्ये गेलात, तेच दुखणे अशा गाडीत १,४४,००० रुपये देऊन वाढू शकते.

आता ब्रेककडे येऊ. ड्रम, लायनर, पुढच्या डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि होजपाइप यांचा ४६,००० रुपयांचा खर्च ही चैन नाही. भाग त्याच मॉडेलचे आणि मूळ मापाचे घ्यावेत आणि पक्के बिल मागावे. ब्रेक ऑइल बदलण्याचा आग्रह विशेष धरावा, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलासाठी किमान मर्यादा २०५ अंश सेल्सियस असते, ओलावा शोषलेल्या तेलासाठी ती १४० अंशांवर येते, डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळून वाफ झाली की पॅडल खोल जाते. कोणती प्रत घालायची, ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. खालच्या गिअरमध्ये घाट उतरण्याला तर काहीच पैसे पडत नाहीत.

एक अपवाद नोंदवतो. सध्याच्या एक्सलच्या हाऊसिंगला तडा असेल, बेअरिंग आवाज करत असेल किंवा तेल गळून लायनरवर येत असेल, तर तीही दुरुस्तीच आहे, आणि मूळ मापाचा भाग घालून ती जरूर करावी. चेसिस गंजून कुजलेली आढळली, तर मात्र ४६,००० रुपयेही थांबवून गाडी आहे त्या स्थितीत विकण्याचा विचार करावा. त्यामुळे आधी गाडी वर घेऊन नीट तपासून घ्यावी. एकदा नेहमीचा माल भरून वजनकाट्यावरही न्यावी; आपला दीड टन नोंदणीतील मर्यादेत बसतो की नाही, हे त्याच पावतीवर समजेल.

पैशाच्या स्रोताबद्दल सांगायचे, तर १२ टक्के फ्लॅट हा दर १२ टक्क्यांचा नसतो. १,९०,००० रुपयांवर दोन वर्षांचे व्याज ४५,६०० होते आणि हप्ता ९,८१७ रुपये येतो. दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवरच घेतले जाते, त्यामुळे घटत्या शिल्लकीवर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हा हप्ता आपल्या आजच्या शिल्लकीपेक्षा मोठा आहे, म्हणजे तो फेडण्यासाठी अतिभार नेणे भाग पडेल. ब्रेकसाठी एकच ठेव मोडावी. मुदतपूर्व काढल्याने व्याजात होणारी कपात या कर्जापुढे नगण्य आहे. उरलेले ३४,००० बचत खात्यात दुरुस्तीसाठी राहू द्यावेत आणि बाकीच्या दोन ठेवींना हात लावू नये. आपण दरमहा गाडीमागे ठरावीक ७,५०० रुपये अनुमानित उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता, असेही लिहिले आहे. त्या पद्धतीत दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा मिळत नाही, तेव्हा करबचतीचे कारण कोणी सांगितल्यास ते विचारात घेऊ नये.

अडीच टनांची मागणी खरोखर कायम असेल, तर त्या क्षमतेची नोंदणी असलेली गाडी हाच तिचा मार्ग आहे. ९,००० मधून ७,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर दोन वर्षांत व्याज न धरता १,६८,००० जमतात. तोवर या गाडीची किंमत उतरून अडीच लाखांवर आली असे धरले, तरी चार लाखांहून अधिक रक्कम हाती राहते आणि कर्ज तेवढे लहान होते. विकताना गिऱ्हाईक चालू ब्रेकचे पैसे देईल. नोंदणीशी न जुळणाऱ्या एक्सलसाठी तो भाव पाडूनच मागेल.