वाचकांचे प्रश्न : पथ्य चुकले की जंतू लागले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे : आजार खाण्यापिण्यामुळे व राहणीमुळे होतो, की संसर्गामुळे? त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. जठरातील अल्सरचा त्रास मला अनेक वर्षांपासून आहे. जागरण, चिंता आणि तिखट यांमुळे तो झाला असे सांगण्यात आल्याने मी तिखट पूर्णपणे सोडले, तरीही दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवते. मध्यंतरी गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्याही चालू होत्या. आता नव्या डॉक्टरांनी जंतूची तपासणी करण्यास सांगितले आहे. अल्सर जंतूमुळे होत असेल, तर इतकी वर्षे पाळलेले पथ्य वायाच गेले म्हणायचे का?

उत्तर : पथ्यामुळे आपली जळजळ कमी झाली असेल, तर तेवढा त्याचा उपयोग झाला, मात्र अल्सरच्या मूळ कारणाला त्याने हातही लागला नसावा. तिखटाने आधीच असलेली जखम झोंबते, ती निर्माण होत नाही. यात आपली चूक नाही. १९८० च्या दशकापर्यंत वैद्यकशास्त्राचाही हाच समज होता आणि जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू तग धरू शकणार नाही, असे बहुतेक तज्ज्ञ मानत होते.

या समजाला धक्का दिला तो ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघांनी. अल्सर व जठरदाह असलेल्या रुग्णांच्या जठराच्या अस्तरात वॉरेन यांना सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसत होते, परंतु प्रयोगशाळेत ते काही केल्या वाढत नव्हते. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे जंतू वाढवण्यासाठी ठेवलेल्या ज्या बशांत दोन दिवसांत वाढ दिसत नसे, त्या टाकून दिल्या जात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतूंच्या वसाहती उगवल्या. हा जंतू फक्त संथ गतीने वाढणारा होता. तरीही शंका घेणारे पुष्कळ असल्याने १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचे द्रावण स्वतःच प्राशन केले. त्यांना अल्सर झाला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. त्यांना मळमळ व उलट्या झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत तीव्र जठरदाह दिसला. या शोधासाठी दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला जाणारा हा जंतू युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो. त्यामुळे युरियापासून अमोनिया बनतो, जंतूच्या अवतीभवतीचे आम्ल सौम्य होते आणि तो श्लेष्मल थरात ठाण मांडतो. श्वासाची तपासणी याच गुणधर्मावर आधारलेली आहे : रुग्णाला विशिष्ट कार्बनची खूण असलेला युरिया पाजला जातो आणि त्या खुणेचा कार्बन उच्छ्वासात आला, तर जंतू उपस्थित आहे असे समजते. या तपासणीपूर्वी आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, अन्यथा जंतू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. आपण कोणती औषधे घेत आहात हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि ती त्यांच्याच सल्ल्याने थांबवावीत.

आता राहणीचा भाग. जगातील निम्म्याच्या आसपास लोकांच्या जठरात हा जंतू असतो, असा अंदाज अनेक वर्षे मांडला गेला आहे, मात्र त्यांतील बहुसंख्यांना अल्सर कधीच होत नाही. जंतूचा वाण कोणता, संसर्ग कोणत्या वयात झाला, व्यक्ती धूम्रपान करते का, अशा अनेक गोष्टींवर पुढचे ठरते. आपल्या पत्रात वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख ओझरता आला आहे, परंतु माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती घटवतात आणि या जंतूनंतर अल्सरचे दुसरे मोठे कारण तीच आहेत. दोन्ही कारणे एकाच व्यक्तीत असली, तर धोका आणखी वाढतो. म्हणून जंतूचा उपचार झाला तरी त्या गोळ्या परस्पर पुन्हा सुरू करू नयेत. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन दिलेले असल्यास ते स्वतःहून बंदही करू नये. जंतूवरील औषधे साधारणपणे चौदा दिवसांची असतात. ती अर्धवट सोडल्यास उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करून घ्यावी. बरे वाटले म्हणून लोक नेमकी हीच पायरी गाळतात. काळे, डांबरासारखे शौच झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर कोणत्याही तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : घरात सर्वांचे जेवण एक, हवा एक. मग क्षयाचा संसर्ग एकापासून दुसऱ्याला होत असूनही सर्वांना क्षय का होत नाही?

उत्तर : संसर्ग होणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के व्यक्तींनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरात पांढऱ्या पेशी जंतूंना वेढून जखडून ठेवतात. ही पकड सैल करणाऱ्या गोष्टींत कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान आणि अति मद्यपान ही प्रमुख आहेत. मधुमेहामुळे हा धोका साधारण दुप्पट ते तिप्पट होतो.

जेवण एक असले, तरी ते प्रत्येकाच्या अंगी सारखेच लागते असे नाही, आणि पोषणाचा परिणाम येथे मोजता येण्याजोगा आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अतिरिक्त शिधा देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. याचा अर्थ चांगला आहार औषधाची जागा घेतो असा मुळीच नाही. रोग झालेल्याला औषधे घ्यावीच लागतात, आणि त्याच्या सहवासातील इतरांची तपासणीही व्हायलाच हवी, मग ते कितीही धडधाकट दिसोत.

प्रश्न : माझ्या भावाला हेपटायटिस बी असल्याचे रक्ततपासणीत निघाले. यातून पुढे यकृताचा कर्करोग होतो असे ऐकले. मग कर्करोग संसर्गजन्य आहे का? भावाने खाण्यात काय सांभाळावे?

उत्तर : कर्करोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही; त्याला पुढे कारण ठरू शकणारा विषाणू मात्र जातो. २०१८ मध्ये जगभरात निदान झालेल्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के संसर्गांशी निगडित असल्याचा अंदाज आहे आणि त्यांत हेलिकोबॅक्टर, मानवी पॅपिलोमा विषाणू, हेपटायटिस बी व सी यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आहार आणि संसर्ग एकमेकांचे बळ कसे वाढवतात, याचे यकृत हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. ओलसर जागी साठवलेल्या धान्यावर आणि शेंगदाण्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष आणि हेपटायटिस बी हे दोन्ही स्वतंत्रपणे घातक आहेतच, परंतु एकाच व्यक्तीत एकत्र आले की त्यांच्या धोक्यांची केवळ बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. बुरशी लागलेले दाणे भाजून किंवा शिजवून हे विष पुरते नष्ट होत नाही, त्यामुळे असे दाणे टाकून देणेच योग्य. याखेरीज मद्य पूर्ण वर्ज्य करावे, वजन आटोक्यात ठेवावे आणि ठरलेल्या अंतराने यकृताची तपासणी करून घ्यावी. औषध सुरू करायचे की केवळ लक्ष ठेवायचे, हे विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून डॉक्टर ठरवतात. घरातील इतरांनी, आपणही, रक्ततपासणी करून लस घ्यावी. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांचे लसीकरण सुरू केले आणि पुढील काळात तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे भावाचे ताट वेगळे काढू नये. वस्तरा आणि दात घासण्याचा ब्रश मात्र वेगळे असावेत.

प्रश्न : हृदयविकाराच्या रुग्णाला फ्लूची लस का सुचवतात? हृदयविकार तर राहणीचा आजार आहे.

उत्तर : रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साठायला राहणी मोठ्या प्रमाणात जबाबदार असते, पण तो थर फुटण्याचा दिवस अनेकदा दुसरेच काही तरी ठरवते. कॅनडातील एका अभ्यासात, फ्लूचे निदान पक्के झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. ताप आणि दाहामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयावरचा ताणही वाढतो. लस घ्यावी.

प्रश्न : मुलांची प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि पावडरी रोज द्याव्यात का?

उत्तर : पोटभर व विविध अन्न खाणाऱ्या निरोगी मुलाला, डॉक्टरांनी काही कमतरता दाखवून दिली नसेल तर, त्यांची गरज नसते. पुरेशी झोप ही मात्र दुर्लक्षिलेली गोष्ट आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १५३ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकण्यात आले. आधीच्या दोन आठवड्यांत सरासरी सात तासांपेक्षा कमी झोपलेल्यांना, आठ तास वा अधिक झोपलेल्यांच्या तुलनेत, सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. मुलांना तर प्रौढांपेक्षा अधिक झोप लागते.

गोवरासारख्या काही संसर्गांपुढे मात्र सुदृढ मूलही टिकत नाही. लस न घेतलेल्या दहा जणांचा रुग्णाशी निकट संपर्क आला, तर सुमारे नऊ जणांना लागण होते. फरक पडतो तो नंतर : कुपोषित मुले गोवराने अधिक दगावतात आणि म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस वैद्यकीय देखरेखीखाली दिले जातात. हे वाचून निरोगी मुलाला ‘अ’ जीवनसत्त्व घरच्या घरी वाढवून देऊ नये. ते यकृतात साठून राहते आणि अधिक झाल्यास यकृतालाच इजा करते.