माल पाण्यानं पाठवायचाय? आधी तिथी बघा

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला ट्रक अडकले की मला संदेश यायला लागतात: धरमतरची खाडी शेजारीच आहे, मग माल बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटीतून, का नको? प्रश्न तेच ते असतात. या वेळी पाच घेतो.

आमचा कारखाना नागोठण्याजवळ आहे. अंबा नदी राष्ट्रीय जलमार्ग आहे म्हणतात. मग बार्ज आमच्यापर्यंत येईल ना?

नाही. 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातला दहावा, अंबेचा, कागदावर नागोठण्याच्या एसटी स्थानकाजवळच्या पुलापर्यंत आहे. पण कायद्याच्या परिशिष्टात पूल लिहिला म्हणून नदीत पाणी वाढत नाही. मोठी वर्दळ आहे ती खाली धरमतर-डोलवीच्या धक्क्यांवर, पोलाद कारखान्याच्या कच्च्या मालाची. तिथून पुढे तुमचा ट्रकच. धक्का वापरायला मिळेल का, हे धक्कामालकाला आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला लेखी विचारा.

महिन्याला 150 टन माल असतो. परवडेल?

नाही. 2,000 टनांची बार्ज म्हणजे 25 टनांचे 80 ट्रक.

एजंट म्हणतो, "पाण्यावर ट्रॅफिक नाही, मुंबई बंदरातून चोवीस तासांत माल धरमतरला, गॅरंटी." शिवाय एक लिटर इंधनात एक टन माल रस्त्यानं 24 किलोमीटर जातो आणि पाण्यानं 105, असा तक्ता दाखवतो. विश्वास ठेवावा का?

तो तक्ता मीही प्रत्येक सादरीकरणात पाहतो. आकडा खोटा म्हणत नाही, पण तो चालत्या बार्जचा आहे. तुमचे पैसे जातात थांबलेल्या बार्जवर, आणि त्याचा तक्ता कुणी दाखवत नाही.

खाडीत ट्रॅफिक नसतं, भरती असते. आजची भरती उद्या पाऊण-एक तास उशिरा येते. आपल्याकडचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशोब मुंबई बंदराचा, आणि तोही ढोबळ. खाडीत आत पाणी आणखी उशिरा चढतं. आणि तेवढ्यानं भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जे पाणी मिळतं ते अष्टमीच्या आगेमागे, भांगाला, मिळत नाही. मग बार्ज कमी भरायची, म्हणजे त्याच भाड्यात माल कमी.

माझ्या एका गिऱ्हाइकाची क्रेन धक्क्यावर दीड तास उशिरा आली. तोवर पाणी उतरलं आणि अर्धी भरलेली बार्ज चिखलात बसली. पुढची भरती बारा तासांनी, मध्यरात्रीनंतर, आणि रात्रपाळीचे मजूर कुणी सांगितलेच नव्हते. ट्रकवाले गाडीखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवत बसले होते. त्यांचं थांबण्याचं भाडं वेगळं, बार्जचं वेगळं. रस्त्यावर दीड तास गेला की दीड तासच जातो, इथे दिवस जातो.

म्हणून "चोवीस तास" हा शब्द करारात येऊ देऊ नका. कुठल्या तारखेच्या कुठल्या भरतीला बार्ज लागणार, तेव्हा तळाखाली किती पाणी असेल, भरती चुकली तर खोळंबा कुणाच्या खात्यावर, हे लिहून घ्या. एवढं जुळवलं तर पाण्याइतकी वक्तशीर वाट नाही. भरतीची वेळ वर्षभर आधी छापून मिळते. एजंट लिहून देईना तर दुसरा बघा. आणि सही करण्याआधी तो कागद सागरी करार वाचणाऱ्या वकिलाला दाखवा, सोसायटीच्या वकिलाला नव्हे.

गोव्यात खाणी बंद पडल्यापासून उभ्या असलेल्या बार्ज स्वस्तात मिळतात असं कळलं. एक घेऊन रत्नागिरीला सिमेंट आणावं म्हणतो.

कुणाकडून कळलं? त्या बार्ज मांडवी-झुवारीतून मुरगावला खनिज नेण्यासाठी बांधलेल्या. पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा पट्टा धोक्याचा, म्हणून मांडवीतल्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुवारीत उतरायच्या. समुद्राचा तेवढा तुकडाही त्या टाळत, आणि तुम्ही तिला रत्नागिरीपर्यंत नेणार? अंतर्देशीय नोंदणी म्हणजे समुद्राचा परवाना नाही. त्यासाठी नदी-समुद्र जहाजांचा वेगळा वर्ग आहे. इसार देण्याआधी सर्व्हेअरला तळाचा पत्रा मोजायला लावा. विमा कंपनीलाही तेव्हाच विचारा, नंतर नाही.

केंद्र सरकारच्या जलवाहक योजनेत 35 टक्क्यांपर्यंत खर्च परत मिळतो ना? आणि पुढच्या आठवड्यात पहिली खेप पाठवायची आहे.

ती योजना गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या जलमार्गांसाठी, तीही 300 किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला. आपल्याकडे नाही.

पुढच्या आठवड्यात अष्टमी आहे. थांबा.