पेंच व्याघ्र प्रकल्पात पहिल्यांदा येतोयस ना भाऊ, मग हे ऐक

वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट घरी ठेवून ये. पेंचचा खरा जीव तोतलाडोह धरणाच्या पाण्यात आहे. मध्य प्रदेशातून येणारी पेंच नदी इथे सीमेवर अडवली आहे आणि हेच पाणी पुढे कामठी खैरी धरणामार्गे नागपूरकरांच्या नळाला येतं.

पहिली सफारी शक्यतो एप्रिल-मे मध्ये घे. ऊन जाळतं, खरं आहे. पण जलाशय आटत जातो तसा उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि चितळांचे कळप तिथे उतरतात. मी तर तासभर एकाच जागी गाडी थांबवायला सांगतो. पाण्यात उभ्या वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून बसतो, काठावर मगर लाकडासारखी निपचित पडून असते. अशात मागच्या सागवनातून वानर खाकरलं, म्हणजे धोक्याचा इशारा दिला, की बोलणं बंद कर, इंजिन बंद करायला सांग. वानर वरच्या फांदीवरून कुठे पाहतंय ते बघ, तिकडेच दुर्बीण लाव. चितळ कधी कधी उगाच घाबरतं, वानराच्या ओरडण्यावर माझा जास्त भरवसा.

पक्ष्यांसाठी येणार असशील तर हिवाळाच बरा. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले स्थलांतरित हंस, तेव्हाच येतात. उघड्या जिप्सीत पहाटे हात गोठतात, कानटोपी विसरू नको.

कपडे मातकट रंगाचे घाल, अत्तर लावू नको. गाईड जवळपासच्या गावातलाच असतो, त्याला दादा म्हण आणि त्याचं ऐक. आणि मुक्कामी राहिलास तर रात्री वर बघ, 2024 मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेली जागा, म्हणून मान मिळाला आहे.