फतवा मागितला जातो, मग दिला जातो

एका वाचकाने विचारले आहे : 'कोणी धर्मगुरू एखाद्याला ठार मारण्याचे आवाहन करतो तेव्हा त्याला फतवा म्हटले जाते. फतवा याचा मूळ अर्थ मृत्युदंड असा आहे काय? आणि फितवा, फितूर हे शब्द त्याचीच रूपे आहेत काय?'

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. शाळेने गणवेशाचा फतवा काढला, पक्षाने मतदानाचा फतवा काढला, ही वाक्ये इतक्या वेळा कानांवर आदळतात की हुकूम आणि फतवा हे समानार्थी शब्द आहेत असेच सर्वांना वाटू लागले आहे. ते समानार्थी नाहीत. धर्मशास्त्राच्या जाणकाराने विचारलेल्या प्रश्नाला दिलेले मत म्हणजे फतवा. विचारणारा तो मुस्तफ्ती, उत्तर देणारा तो मुफ्ती. बंधनकारक निर्णय देण्याचा अधिकार काझीचा असतो, मुफ्तीचा नसतो. एकाच प्रश्नावर दोन मुफ्ती परस्परविरुद्ध फतवे देऊ शकतात आणि देतातही.

या शब्दाचा सर्वांत सुंदर वापर कुराणाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. शेबाच्या राणीला सुलेमानाचे पत्र येते, तेव्हा ती दरबारातील सरदारांना म्हणते, 'अफ्तूनी फी अम्री', म्हणजे माझ्या या प्रकरणात मला सल्ला द्या. 'अफ्तूनी' हे क्रियापद फतव्याच्याच धातूपासून झालेले आहे. सरदार उत्तर देतात की आम्ही बलवान आहोत, लढाईत कडवे आहोत, पण 'अम्र' तुमच्याकडे आहे. अम्र म्हणजे आज्ञेचा अधिकार. आपल्या अमीर-उमरावांचा उगम याच धातूत आहे. म्हणजे मत देणे एकाचे आणि आज्ञा देणे दुसऱ्याचे, ही विभागणी तिथे दोन लागोपाठच्या वचनांत स्पष्ट मांडलेली आहे. एवढेच नव्हे, तर सरदारांच्या बोलण्याचा रोख युद्धाकडे असूनही राणी तो सल्ला बाजूला ठेवते, कारण राजे एखाद्या नगरीत शिरले की तिची नासधूस करतात हे ती जाणते. फतवा मागूनही तो नाकारता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अशा शब्दाला 'धर्माज्ञा' हा एकच मराठी प्रतिशब्द देणाऱ्यांनी हा संदर्भ एकदा उघडून पाहायला हवा होता. जो शब्द आज्ञेपासून वेगळा ठेवलेला आहे, त्याच्याच अर्थात त्यांनी आज्ञा घातली.

या धातूचा संबंध काही जुने अरबी कोशकार 'फता', म्हणजे तरुण, या शब्दाशी जोडतात : नव्याने उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर, किंवा दुबळ्या बाजूला बळ देणारे उत्तर, तो फतवा. मला ही व्युत्पत्ती पटते. फितवा, फितूर यांची गोष्ट मात्र निराळी आहे. फितूर हा अरबी 'फुतूर' म्हणजे शैथिल्य, त्याचा धातू फ-त-र. बंडाळीसाठी असलेला 'फितना' फ-त-न या धातूचा असून त्याचा मूळ अर्थ सोने-चांदी आगीत तापवून कस पाहणे असा आहे. फतव्याचा धातू या दोहोंहून वेगळा आहे आणि केवळ ध्वनी जुळतो म्हणून सर्वांचे एक मूळ सांगणारे लोक भाषाशास्त्राचा अनादर करतात. तरीही माझे स्वतःचे अनुमान असे आहे की मराठी कानाला फतवा या शब्दात जी दहशत ऐकू येते, तिच्यात फितुरी आणि फितवणे यांच्या सहवासाचा वाटा आहे. फितवणारा मनुष्य माणसांना त्यांच्या निष्ठेपासून फोडतो, आणि हिंसेची चिथावणी देणारा धर्मोपदेशक नेमके तेच करतो.

मृत्युदंडाचा अर्थ या शब्दाला चिकटला तो १४ फेब्रुवारी १९८९ रोजी. त्या दिवशी तेहरान रेडिओवरून इराणचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खोमेनी यांचे निवेदन प्रसारित झाले आणि सलमान रश्दी यांना, तसेच त्यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीचा मजकूर माहीत असूनही तिच्या प्रकाशनात सहभागी झालेल्यांना, ठार मारण्याचे आवाहन जगभरच्या मुसलमानांना करण्यात आले. त्या निवेदनात कोणाचा प्रश्न नव्हता आणि आरोपीची सुनावणीही झालेली नव्हती. म्हणूनच तो फतवा नसून 'हुक्म' होता, असे कित्येक अभ्यासकांनी तेव्हापासून म्हटले आहे. १९९१ च्या जुलैत या कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा खून झाला, १९९३ मध्ये तिचे नॉर्वेतील प्रकाशक विल्यम नुगोर्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे झालेल्या चाकूहल्ल्यात रश्दी यांचा एक डोळा गेला. ज्या शब्दांनी माणसे मारायला पाठवली, त्यांना 'मत' या अर्थाचे नाव देणे मला असह्य वाटते.

अमेरिकनांना ठार मारण्याचे आवाहन करणाऱ्या ओसामा बिन लादेनच्या १९९८ च्या जाहीरनाम्यालाही फतवाच म्हटले गेले; तो मुफ्ती नव्हता, त्याला धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षणही नव्हते. तो शब्द वापरून आपण त्याला एक पद बहाल केले. उलट ३१ मे २००८ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर देवबंदच्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, दहशतवादाविरुद्ध जाहीर केलेला फतवा खऱ्या अर्थाने फतवा होता, आणि तो आज किती जणांना आठवतो? भारतीय कायद्याच्या दृष्टीनेही संदिग्धता उरलेली नाही : सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ रोजी फतव्याला कायदेशीर बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही, असे स्पष्ट केले.

म्यानमारमध्ये मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवणारा विराथु हा भिक्खू आहे आणि मार्च २०१७ मध्ये तिथल्या भिक्खूंच्या सर्वोच्च मंडळाने त्याच्या प्रवचनांवर वर्षभराची बंदी घातली होती. त्याच्या भाषणांना कोणी फतवा म्हणत नाही. तिथे आपण 'चिथावणी' हा साधा, नेमका शब्द वापरतो. मौलवीने हिंसेचे आवाहन केले तरी तोच शब्द वापरावा, महंताने केले तरी तोच आणि पाद्र्याने केले तरी तोच. आणि खराखुरा फतवा असेल तिथे 'फतवा दिला' असे लिहावे. 'काढला' हे क्रियापद हुकमाचे आहे.