बाथरोब परत करा, पण केटलची कबुली देऊ नका

प्रश्न: ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी हॉटेलात राहिले होते. खोली आम्हा दोघींत होती. निघताना शाम्पूच्या छोट्या बाटल्या, पाकीटबंद स्लिपर आणि कपाटातला बाथरोब बॅगेत घातला. एवढं भाडं घेतात, त्यात हे येतंच असं वाटलं. रोबच्या खिशात एक कार्ड होतं, त्याचा फोटो जोडला आहे. काही दिवसांनी हॉटेलमधून फोन आला. बाथरोब आणि इलेक्ट्रिक केटल गायब आहेत, रजिस्ट्रेशन कार्डावरच्या अटीप्रमाणे पाचपट किंमत भरा, पाठवलेल्या माफीपत्रावर सही करा, नाहीतर पोलिसांत जाऊ आणि तुमच्या ऑफिसला कळवू, असं म्हणाले. केटल मी घेतलेली नाही. मी सकाळी निघाले, माझी सहकारी संध्याकाळी. काय करू?

उत्तर: ताई, आधी तातडीचं सांगते, कायदा त्यानंतर. बाथरोब आजच परत पाठवा. पार्सल बंद करण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, कुरिअरची पावती जपून ठेवा आणि हॉटेलच्या अधिकृत ईमेलवर एवढंच लिहा: "खोलीतला बाथरोब मी सोबत आणला होता. तो आज कुरिअरने परत पाठवला आहे. तो वापरलेला असल्यामुळे तुमचं काही वाजवी नुकसान होत असेल, तर त्याचं बिल पाठवा. केटल मी घेतलेली नाही." यात 'चुकून' हा शब्द घालू नका. तुम्ही मला लिहिलंय की रोब जाणूनबुजून बॅगेत घातला. एका गोष्टीबद्दल खोटं लिहिलं की केटलबद्दलचं तुमचं खरंही कोणी मानणार नाही, आणि या प्रकरणात तुमची सगळी भिस्त त्या खऱ्यावरच आहे.

आता तुमच्या मूळ समजुतीकडे येते. 'एवढं भाडं घेतात, त्यात हे येतंच' हे वाक्य मी चांगल्या शिकल्या-सवरल्या, एरवी कुणाच्या पैशाला हात न लावणाऱ्या माणसांकडून ऐकते, म्हणून त्यावर थोडं थांबते. भाडं आपण खोली आणि तिच्यातल्या वस्तू वापरण्यासाठी देतो. गादी, टॉवेल, रोब, केटल, हेअर ड्रायर या वस्तू मुक्कामापुरत्या आपल्या हाताशी असतात, पण कायद्याच्या नजरेत त्यांचा ताबा हॉटेलकडेच राहतो. भाडं कितीही जास्त असलं तरी त्यात फरक पडत नाही. महागड्या खोलीतला टॉवेल हलक्या खोलीतल्या टॉवेलपेक्षा जास्त 'आपला' होत नाही.

मग शाम्पूचं काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने हलवणं म्हणजे चोरी. ही संमती बोलून दिलेलीच असायला हवी असं नाही, ती गृहीतही धरता येते, असं त्याच कलमात सांगितलंय. तिथलं उदाहरण फार समजूतदार आहे: मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथसंग्रहातून वाचण्यापुरतं पुस्तक नेलं आणि तेवढी मोकळीक आपल्याला आहे असं नेणाऱ्याला वाटत असेल, तर ती चोरी नाही. शाम्पूच्या छोट्या बाटल्या, साबणाच्या वड्या, शॉवर कॅप, दात घासायचं किट, पाकीटबंद स्लिपर, चहा-कॉफीच्या पुड्या हे सगळं या गृहीत संमतीत बसतं. पुढच्या पाहुण्याला ते पुन्हा देता येत नाही, आणि पाहुणा ते नेणार हे धरूनच हॉटेल ते ठेवतं. त्यामुळे बाटल्या आणि स्लिपर यांची चिंता सोडा, त्या परत पाठवायचीही गरज नाही.

मी स्वतः एकच कसोटी लावते: ही वस्तू धुऊन, पुसून पुढच्या माणसासाठी त्याच जागी ठेवता येईल का? येत असेल तर ती तिथेच राहिली पाहिजे. टॉवेल, हँगर, छत्री, रिमोटमधल्या बॅटऱ्या, भिंतीला लावलेली पंपाची शाम्पूची बाटली, सगळं यात आलं. पेन आणि कापडी लाँड्री बॅग यांबाबत हॉटेलागणिक पद्धत वेगळी, तिथे रिसेप्शनवर एका शब्दाने विचारावं. मिनीबारचा प्रश्नच वेगळा, तो विक्रीचा माल आहे.

रोबबाबत तुमच्या बाजूने काय म्हणता येईल याचा विचार करताना मी त्या कार्डाचा फोटो मोठा करून पाहिला. तुम्हाला ते कार्ड म्हणजे रोब भेट असल्याचा पुरावा वाटत असेल. वरच्या ओळीत 'खास तुमच्यासाठी' असं आहे खरं, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की रोब आवडल्यास नवा रोब रिसेप्शनवर विकत मिळेल. जी वस्तू विकत मिळते ती फुकट नेण्याची संमती गृहीत धरली, असं न्यायालयात सांगणं अवघड आहे. हे कार्ड तुमच्या विरोधात जातं, तेव्हा हॉटेलला उत्तर देताना त्याचा आधार घेऊ नका. तुमच्या बाजूला खरा आधार एकच: हे भाड्यात येतं असं तुम्हाला मनापासून वाटलं होतं, आणि तसं नाही हे कळताच तुम्ही वस्तू परत केली. चोरीत इरादा वस्तू उचलण्याच्या क्षणाचा पाहतात, नंतर परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही. पण त्या क्षणी मनात काय होतं हे नंतरच्या वागण्यावरूनच ताडलं जातं, म्हणून पार्सल आजच पाठवा म्हणते.

प्रकरण वाढलंच तर काय होऊ शकतं, तेही स्पष्ट सांगते. कलम ३०३ खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत एक नवी तरतूद आली: वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. सामुदायिक सेवा ऐकायला सौम्य वाटली तरी त्याआधी दोषी ठरावं लागतं, आणि नोकरीतल्या माणसाला तो शिक्काच जड जातो. शिवाय राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीचं वेगळं कलम आहे, ३०५. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. हॉटेलची खोली त्यात बसते असं समोरचा वकील म्हणू शकतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'एका रोबसाठी कोण काय करणार' म्हणून तुम्ही पार्सल लांबणीवर टाकू नये, म्हणून सांगते. अगदी क्षुल्लक हानीला गुन्हा न मानण्याची तरतूद कलम ३३ मध्ये आहे, पण त्यावर विसंबून राहण्याइतका बाथरोब क्षुल्लक नाही.

आता केटल. ती घेतली नाही, तर त्याबाबत एक पैसाही देऊ नका. 'प्रकरण मिटवून टाकू' या भावनेने दिलेले पैसे उद्या कबुलीसारखे वाचले जातात. केटल तुम्ही नेली हे सिद्ध करायची जबाबदारी हॉटेलवर आहे. त्यांना लेखी विचारा: खोली ताब्यात देताना आणि परत घेताना हाउसकीपिंगने केलेली वस्तूंची यादी कुठे आहे, तिच्यावर कुणाची सही आहे, खोली नेमकी कधी तपासली, आणि तुम्ही निघाल्यापासून तपासणीपर्यंत तिथे कोण कोण गेलं? मजल्यावरच्या मार्गिकेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, अशी मागणीही त्याच ईमेलमध्ये करा. हे लगेच व्हायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर नवं चढतं. तुमच्यानंतर दिवसभर खोली सहकारीच्या ताब्यात होती, ही वस्तुस्थिती तेवढी नोंदवा. तिने नेली असेल असं मात्र सुचवूही नका. तुमच्याकडे त्याचा काही पुरावा नाही, आणि तुमच्यावर आज जो अन्याय होतोय तोच तुम्ही तिच्यावर कराल.

पाचपट रकमेच्या अटीवर तुम्ही सही केली असली तरी ती जशीच्या तशी वसूल होत नाही. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. प्रत्यक्ष नुकसानाशी अजिबात प्रमाणात नसलेला दंड लादणारी अट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित कराराच्या व्याख्येत येते. रोब परत गेल्यावर धुलाईपलीकडे हॉटेलचं फारसं नुकसान उरत नाही. तुमच्या बँकेच्या कार्डाचा तपशील त्यांच्याकडे असेल, तर वादातली रक्कम परस्पर वळती करू नये असं ईमेलमध्ये लिहा. तरीही वळती केली, तर लगेच बँकेकडे लेखी हरकत घ्या.

माफीपत्राचा त्यांनी पाठवलेला मसुदा वाचला. 'मी बाथरोब व केटल या वस्तूंची चोरी केली असून' अशी त्याची सुरुवात आहे. यावर सही करू नका. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण हॉटेलच्या मॅनेजरला लिहून दिलेल्या कागदाला ते संरक्षण नाही. दिलगिरी व्यक्त करायची असेल तर ती रोबपुरती, तुमच्या शब्दांत, वरच्या ईमेलमध्ये करा. ती करावी असं माझं मत आहे.

पोलिसांत तक्रार करण्याचा हॉटेलला हक्क आहे, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण बदनामीचा धाक दाखवून, घेतलीच नाही त्या वस्तूचे पाचपट पैसे मागणं खंडणीच्या व्याख्येच्या जवळ जातं. ते कलम आज त्यांच्या तोंडावर फेकू नका, उगाच वाद चिघळेल. फोनवर बोलणं बंद करा, 'जे काही आहे ते ईमेलवर लिहा' एवढंच म्हणा. लेखी आलेल्या धमकीचा पुढे उपयोग होतो. ऑफिसला त्यांच्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. खोलीचं बिल ऑफिसकडे जाणार आहे, त्यात केटल दिसेलच. ज्या अधिकाऱ्याने बुकिंग केलं त्यांना कुरिअरची पावती आणि ईमेलची प्रत दाखवून सगळं सांगितलंत, तर त्या धमकीत दम उरत नाही.

साधी चोरी हा तडजोडपात्र गुन्हा आहे, वस्तूचा मालक ती मिटवू शकतो. त्यामुळे रोब पोहोचल्यावर 'वस्तू मिळाली, तक्रार नाही' असं हॉटेलकडून लेखी मागा. ते न देता पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस आलीच, तर ती टाळू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे, पण नोटिशीला गैरहजर राहणाऱ्याला तो आधार पुरत नाही. दिलेल्या तारखेला पावती, ईमेल आणि पार्सलचा फोटो घेऊन, स्थानिक वकिलासोबत जा.