भाड्यातील दुरुस्तीचा वाटा

प्रश्न : भाड्याने देण्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी एक जुना फ्लॅट घेतला. पहिली दोन वर्षे दुरुस्तीचा खर्च फारसा आला नाही, त्यामुळे सगळे भाडे कर्जाच्या हप्त्यांत आणि घरखर्चात जात राहिले. यंदा मात्र न्हाणीघरातील गळती, गिझर आणि वायरिंग अशी तिन्ही कामे एकापाठोपाठ निघाली आणि पाच महिन्यांचे भाडे त्यांत संपले. दुसरे घर घेण्याचा विचार आहे. दुरुस्तीसाठी नेमके किती बाजूला ठेवावे? भाडेकरूची अनामत रक्कम त्यासाठी वापरता येईल का?

उत्तर : अनामत रकमेला हात लावू नये. ती परत करायची रक्कम आहे. भाडेकरूने केलेले नुकसान किंवा थकलेले भाडे यांपुरतीच, आणि तीही करारानुसार, तिच्यातून वजावट करता येते. वापराने होणारी नेहमीची झीज ही मालकाचीच जबाबदारी असते.

किती ठेवावे, याबद्दल दोन ठोकताळे प्रचलित आहेत. एक म्हणजे घराच्या किमतीच्या 1 टक्का दर वर्षी, आणि दुसरा म्हणजे भाड्याच्या 5 ते 10 टक्के. हे दोन्ही एकच उत्तर देत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. महिन्याचे भाडे 100 धरले, तर वर्षाचे 1,200 होतात आणि त्यांचे 10 टक्के म्हणजे 120. घराची किंमत वीस वर्षांच्या भाड्याइतकी, म्हणजे 24,000 असेल, तर 1 टक्क्याने वर्षाला 240 ठेवावे लागतील, म्हणजे बरोबर दुप्पट. किमतीत जागेचे मोलही धरलेले असते आणि जागेला डागडुजी लागत नाही, म्हणून महागड्या वस्तीत पहिला हिशेब फुगतो. उलट जुन्या, स्वस्त घरात तो अपुरा पडतो, कारण नळ आणि तारा घराची किंमत पाहून बिघडत नाहीत.

म्हणून मी ठोकताळ्यापेक्षा यादीवर भर देईन. घरातील प्रत्येक मोठी वस्तू, तिचे साधारण आयुष्य, आजवर झालेला वापर आणि बदलण्याचा खर्च लिहून काढावा आणि तो खर्च उरलेल्या वर्षांनी भागावा. गिझर साधारण दहा वर्षे चालतो असे धरले आणि तुम्ही घर घेताना तो आठ वर्षांचा असेल, तर त्याचा पूर्ण खर्च तुम्हाला दोन वर्षांत जमवायचा आहे, दहा वर्षांत नव्हे. पहिली दोन वर्षे खर्च आला नाही असे तुम्ही लिहिता, परंतु त्या काळातही गिझर झिजत होताच. फक्त त्याचे बिल तुमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ही यादी दुसरे घर घेण्यापूर्वीच, जाणकाराकडून तपासणी करून तयार करावी, म्हणजे तिच्या आधारे किंमत कमी करून मागता येते. घर ताब्यात आल्यानंतर तो खर्च सर्वस्वी तुमचा होतो.

निधी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि भाडे येताच, हप्त्याच्याही आधी, त्यात रक्कम वळती करावी. त्यानंतर उरलेल्या भाड्यातून हप्ता भागत नसेल, तर ते घर परवडत नाही असेच मानावे. मोठे काम बहुधा घर रिकामे असताना निघते आणि तेव्हा भाडेही बंद असते, त्यामुळे आरंभी तरी तीन महिन्यांच्या भाड्याइतकी शिल्लक हाताशी असावी.

कामांचा क्रम लावताना रंगरंगोटी मागे ठेवली तरी चालते. गळती आणि वायरिंग यांची कामे मात्र लांबणीवर टाकू नयेत. सदोष वायरिंगमुळे जिवाला धोका असतो आणि मुरलेले पाणी प्लास्टर सोडवते, सळ्या गंजवते, खालच्या घराचेही छत खराब करते. भाडेकरूने ओल दिसल्याचे कळवले, तर ती तक्रार न मानता आभार मानावेत आणि त्याच आठवड्यात प्लंबर पाठवावा. आपले म्हणणे ऐकले जात नाही असे वाटणारा भाडेकरू पुढच्या वेळी गप्प बसतो आणि गळती मात्र वाढत राहते. अनेक देशांच्या करकायद्यांत डागडुजी आणि सुधारणा यांचा हिशेब वेगळा धरला जातो, तेव्हा प्रत्येक कामाची पावती तारखेसह जपून ठेवावी आणि मोठे काम काढण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे.