बलेनो घ्यावी की ग्लान्झा? चिपळूणला राहतो, महिन्याला पुण्याची एक फेरी, आईला गुडघेदुखी, गाडी बायकोही चालवणार

माझी ग्लान्झा २०२२ ची, आणि कराडच्या दाजींची बलेनो त्याच वर्षीची. दोन्ही पांढऱ्या. गणपतीला दोन्ही साताऱ्यात आमच्या दारात शेजारी-शेजारी उभ्या असतात. एकदा आत्याने फराळाचे डबे दाजींच्या गाडीत ठेवले आणि स्वतः आमच्या गाडीत येऊन बसली. उंब्रजला चहाला थांबल्यावर डबे शोधायला लागलो तेव्हा घोळ कळला. आत्याचा काही दोष नाही. गाडी एकच आहे, बिल्ले दोन.

तुम्ही लिहिलंय, तीन आठवडे तुलनेचे व्हिडिओ बघतोय. ते आता बंद करा. २०१९ साली टोयोटाने मारुती सुझुकीची बलेनोच आपल्या नावाने विकायला काढली, ती ग्लान्झा. दोन्ही सुझुकीच्या गुजरातमधल्या हंसलपूरच्या कारखान्यातून येतात. इंजिन तेच ११९७ सीसीचं, ताकद तीच, लांबी तीच ३९९० मिलिमीटर, डिक्की तीच ३१८ लिटरची. कंपनीचा मायलेजचा दावासुद्धा दशांशापर्यंत सारखा: लिटरला मॅन्युअलची २२.३५ किलोमीटर, एएमटीची (क्लच नसतो, गिअर आपोआप बदलतात) २२.९४. (आमच्या दोन्ही गाड्या हायवेला १९-२० देतात आणि घाटात १५ वर येतात. दावा कागदावरच ठेवा.) वेगळं काय, तर पुढची जाळी, बंपर, अलॉयचं डिझाइन, मागच्या दिव्यांची आतली रचना आणि आतला रंग.

व्हिडिओ बंद करा म्हणण्याचं आणखी एक कारण. जुन्या व्हिडिओत ग्लान्झाच्या बाजूने हुकमी मुद्दा असायचा वॉरंटीचा. टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर द्यायची, मारुती २ वर्षं किंवा ४० हजार. मी ग्लान्झा घेतली ती बरीचशी त्याच्यावरच. पण जुलै २०२४ पासून मारुतीनेही ३ वर्षं, १ लाख केली, म्हणजे तो मुद्दा संपला. किमतींचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्याआधीचा कुठलाही आकडा धरून बजेट मांडू नका.

मग निवडायचं काय? वर्कशॉप. चिपळुणात तुमच्या घरापासून कोणाचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे स्वतः जाऊन बघा. शनिवारी सकाळी जा, गर्दी किती असते, गाडी संध्याकाळी परत मिळते का, हे तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना विचारा. मारुतीचं जाळं तालुक्याच्या गावापर्यंत गेलंय, टोयोटाचं बरंच विरळ आहे. साताऱ्यात मला फरक पडला नाही. तुम्हाला सर्व्हिसिंगसाठी दुसऱ्या गावी एक दिवस मोडावा लागणार असेल, तर वर्षाला दोन दिवस आणि तेवढं पेट्रोल त्या बिल्ल्यापायी जाईल. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड असल्या गोष्टी दोन्हींना त्याच लागतात, पण ग्लान्झाचा पुढचा बंपर किंवा जाळी बलेनोच्या भागांत बसत नाही. घाटात टेम्पो रिव्हर्स येऊन बंपरला टेकला की ही गोष्ट आठवते.

दुसरं, कोटेशन. दोन्ही शोरूममधून लेखी घ्या आणि ओळ न् ओळ लावून बघा. एक्स-शोरूम सोडून बाकीच्या रकमेतच खरी गंमत असते. आरटीओचा कर ठरलेला, पेट्रोलच्या दहा लाखांपर्यंतच्या गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के, त्यात कोणी घट-वाढ करू शकत नाही. विम्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आणि त्याचा दर सरकारी, तोही सगळीकडे सारखा. पण ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. मला एका शोरूमने दिलेल्या विम्याच्या आकड्यात आणि मी त्याच रात्री बाहेरून काढलेल्या आकड्यात, झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापणारं कव्हर) धरूनही, अकरा हजारांचा फरक होता. सेल्समनला मोबाईल दाखवला, तर म्हणाला, 'सर, मॅनेजरशी बोलून बघतो.' पाच मिनिटांत आठ हजार उतरले. 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ दिसली तर ती सरळ काढायला सांगा. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर बाहेर घेतले तरी वॉरंटी जात नाही; वायर कापून बसवायच्या वस्तू मात्र बाहेर करू नका.

गाडी उभी करून ठेवलेली आहे का, हेही विचारा. बुकिंगच्या वेळीच उत्पादनाचा महिना लिहून घ्या. डिसेंबरात भरघोस सूट मिळते, पण आरसीवर जुनं वर्ष छापलं जातं आणि विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. दहा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त घ्या.

आता तुमच्या घरचं. वहिनी चालवणार आणि मध्ये कुंभार्ली घाट आहे, म्हणून मॅन्युअल की एएमटी हा प्रश्न बलेनो-ग्लान्झापेक्षा मोठा आहे. तो तुम्ही विचारलाच नाहीत! एएमटी शहरात सुखाची, पण चढाला गिअर बदलताना गाडी क्षणभर दम घेते, ओव्हरटेक करताना ते जाणवतं. घाटात लिव्हर मॅन्युअलवर टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात चढवायची, एवढी सवय केली की त्रास नाही. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन सपाट रस्त्यावरच फिरवून आणतो. चढ दाखवा म्हणून हटून बसा, आणि वहिनींनाच चालवू द्या. सीएनजीचा मोह मी तुमच्या जागी टाळला असता: टाकी डिक्कीत बसते, मग पुण्याला निघताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार?

आईंना शोरूममध्ये नक्की न्या. मागच्या सीटवर पाच वेळा बसवा-उठवा. छत मागे उतरतं आणि सीट जरा खोल आहे. पाय पसरायला जागा भरपूर, पण उठताना गुडघ्याला जोर लागतो. माझी आई पुढेच बसते, मागून उठणं तिला जमत नाही. तुमच्या आईंना पुढेही जड गेलं तर दोन्ही गाड्या सोडा आणि थोडी उंच बैठक असलेली एखादी बघा.

एवढ्यावरही बोट ठेवायला सांगाल तर चिपळूणसाठी मी बलेनो म्हणेन, वर्कशॉपमुळे. आणि ग्लान्झाच्या आत बराच बेज रंग आहे. आम्हीच जुलैत एकदा गुहागरला जाऊन आलो, तर दाराच्या आतल्या बाजूला लागलेली तांबडी माती दिवाळीपर्यंत निघत नव्हती.